आधी फुंक, मग पोळ्या

"फुंक."

दार पुरतं उघडायच्या आधीच वहिनी म्हणायच्या. आलीस का नाही, बस मिळाली का नाही. फुंक. मी चपला काढायच्या, पिशवी खाली ठेवायची, तोंड उघडायचं आणि त्यांच्या नाकापुढं श्वास सोडायचा. त्या डोळे मिटून वास घ्यायच्या, दूध नासलंय का बघताना घेतात तसा. मग बाजूला सरकायच्या. "जा. कणीक भिजव."

त्या दिवशी घरात पाहुणे होते. पुण्याहून वहिनींची बहीण आलेली, तिची सून आलेली. दोघी सोफ्यावर चहा पीत होत्या. इकडं माझ्या पाठीमागं लिफ्टपाशी शेजारचे कन्नड आजोबा उभे.

मी हळूच म्हटलं, "वहिनी, आत आल्यावर..."

"इथंच. नियम म्हणजे नियम."

मी फुंक मारली. सून फिसकन हसली. "अय्या मावशी, ट्रॅफिक पोलीसच की तुम्ही!" बहिणीनं विचारलं, "पिते का गं ही?" माझ्यादेखत. वहिनी म्हणाल्या, "ही नाही, नवरा पितो. पण ह्यांच्यात काय सांगावं? घरात बाटली असली की बायकाही तोंड लावतात. पोळ्या हिच्या हातच्या खायच्यात आपल्याला."

ह्यांच्यात.

मी उभ्या जन्मात दारूचा थेंब जिभेला लावलेला नाही. लग्न झालं तेव्हा वास कसा असतो तेही माहीत नव्हतं. आणि दारात उभं राहून तोंड उघडून दाखवायचं मी. चोर सोडून संन्याशाला फाशी! चोर कुठं होता? आत, बेडरूममध्ये घोरत पडला होता. त्या दिवशी कणकेला हात लावायच्या आधी मी बाथरूम धुतलं. वहिनींचा नवरा, आमचा साहेब, रात्री बेसिनमध्ये ओकला होता, बेसिनच्या बाहेरही. वहिनी नाकाला पदर लावून म्हणाल्या, "ॲसिडिटी झालीय त्यांना." होय की. ॲसिडिटीला व्हिस्कीचा वास येतो हे मी जे. पी. नगरात शिकले.

एक आत्ताच सांगून ठेवते. साहेबाला मी इथं 'तो' म्हणणार आहे आणि नवऱ्याला 'हे'. पाच वर्षं उलटं केलं. आता बास.

आम्ही निपाणीकडचे. घरात मराठी, बाजारात कन्नड, दोन्ही जिभेवर. नवरा रंगारी, घरांना रंग द्यायचं काम. बेंगळुरात इमारती उठतायत, काम मिळंल म्हणून आलो, आणि काम मिळालंही. मला ह्या घरात स्वयंपाकाचं काम मिळालं ते मराठीमुळं. साहेब सरकारी कंपनीत मोठा इंजिनिअर. वहिनींना कन्नड बायकांच्या हातचं चालत नव्हतं. "आपली मराठी बाई पाहिजे," म्हणाल्या. पहिल्या दिवशी मला इतकं बरं वाटलं! परक्या मुलखात कुणीतरी आपलं म्हणालं. मी खुळी. आपलं म्हणजे काय ते पुढं कळलं. कन्नड बाईला त्यांनी 'अक्का, स्वल्प फुंकून दाखवा' म्हटलं नसतं. हिंमत झाली नसती. मला म्हणता येत होतं, कारण मी आपली.

फुंकायचं सुरू झालं त्याला कारण होतं. कामाला लागले त्याच महिन्यात एकदा सकाळी हे माझ्या लुगड्यावर ओकले. बदलायला वेळ नव्हता, मी पदर धुऊन तशीच कामावर गेले. वास राहिला. वहिनींनी तो बरोबर पकडला. त्या दिवसापासून नियम. लुगडं कुणी ओकून खराब केलं ते विचारलं नाही. माझं तोंडच तपासायला घेतलं.

आता रविवारचं सांगते.

साहेबाकडं शनिवारी मित्र बसायचे. ऑफिसातले, सोसायटीतले. रविवारी सकाळी मी गेले की ओट्यावर पेल्यांची रांग. कुणाच्यात बोटभर उरलेली, कुणाच्यात तळाला. त्यात लिंबाची फोड, शेंगदाण्याची सालं, एकदा तर सिगारेटचं थोटूक. वहिनी चहाची गाळणी घ्यायच्या. सगळे पेले एकेक करून गाळायच्या, सरबताच्या रिकाम्या बाटलीत. बूच घट्ट लावायच्या आणि माझ्या पिशवीत ठेवायच्या. "ने त्याला. महागाची आहे गं, टाकवत नाही."

उरलेली आमटी द्यायच्या तशी. उरलेला भात द्यायच्या तशी. उरलेली दारू.

आणि मी न्यायची.

हे लपवणार नाही मी. तीन वर्षं दर रविवारी माझ्या ह्या हातांनी मी ती बाटली घरी नेली. सकाळी दारात फुंकून दाखवायचं की मी पीत नाही, आणि दुपारी त्याच दारातून दारू घेऊन बाहेर पडायचं. वहिनींना त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, ही माझी चूक. मी काय विचार करायची सांगू? आमच्या गल्लीच्या तोंडाला दुकान, तिथं स्वस्तातली पाकिटं मिळतात, दात लावून कोपरा फाडायचा आणि तोंडात पिळायचं. ती पिऊन हे गटारात पडायचे, लोक बघायचे. मला वाटायचं, ही घरात पितील, माझ्या नजरेसमोर राहतील. शिवाय ही चांगली आहे, परदेशी आहे. साहेब पितो, तो तर टुणटुणीत आहे. म्हणजे हिनं काही होत नसणार. सोन्याची सुरी म्हणून कुणी पोटात खुपसून घेतं का? मी तर नवऱ्याच्या पोटात खुपसली.

मग यांचे डोळे पिवळे झाले. पाय सुजले, अंगठा दाबला की खड्डा तसाच राहायचा. हातपाय काटक्या आणि पोट मात्र नऊ महिन्यांच्या बाईसारखं. सरकारी दवाखान्यात सुई घालून पोटातलं पाणी काढलं, बादलीभर. डॉक्टरीण कोवळी पोरगी होती. तिनं मला बाजूला घेतलं. कन्नडमध्ये म्हणाली, लिव्हर गेलंय, जे थोडं उरलंय त्यावर माणूस जगंल, पण दारूचा थेंब नाही. मी खुळ्यासारखं विचारलं, "स्वल्पही नाही? चांगल्यातली?" ती माझ्याकडं बघतच राहिली. "अक्का," म्हणाली, "चांगल्यातली असं काही नसतं."

यांनी सोडली. लोकांना वाटतं सोडणं म्हणजे मनात आणलं की झालं. पहिले दिवस दवाखान्यातच ठेवावं लागलं. अंगावर मुंग्या चालतायत म्हणून ओरडायचे, मला ओळखायचे नाहीत, खाटेला हात बांधले होते. त्यातून निघाले. वर्ष गेलं. वर्षावर दोन महिने गेले. रविवारची बाटली मी नको म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "नवलच आहे! बघू किती दिवस टिकतंय." बाटली खाली वॉचमनला जायला लागली. माझं फुंकणं मात्र बंद झालं नाही. नियम म्हणजे नियम.

यांचा हात परत आला. रंगाऱ्याचं सगळं कसब एका जागी दिसतं. छताचा पांढरा आणि भिंतीचा रंग जिथं भिडतात तिथं. बाकीचे तिथं टेप लावतात. हे शिडीवर उभे राहून नुसत्या ब्रशनं रेघ ओढायचे, ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, श्वास धरून. पिण्याच्या दिवसांत ती रेघ सापासारखी वळवळायची. आता सरळ यायला लागली. एकदा आमच्याच खोलीत ओढून मला दाखवली. "बघ की," म्हणाले. लहान पोरानं पाटी दाखवावी तसे उभे होते. मी तोंडाला पदर लावून रडले. सुखानं रडले, सांगायला लाज कसली?

साहेबाची साठी आली. घराला रंग द्यायचा ठरला. मीच म्हटलं, आमच्या ह्यांना द्या काम, सोडलीय त्यांनी. मीच म्हटलं. तेही माझ्याच माथ्यावर.

घर झकास झालं. हॉलची भिंत मोतिया रंगाची, आणि वर ती रेघ, दोऱ्यासारखी.

साठीच्या दिवशी सकाळी शांत झाली. होम झाला, आरती झाली, मी पुरण शिजवलं. भटजी लिफ्टमध्ये शिरले आणि इकडं टेबलावर बाटल्या आल्या. भर दुपारी. होमाचा धूर अजून गेला नव्हता. मी स्वयंपाकघरात भजी तळत होते. हे हॉलमध्ये फोटो टांगायला आलेले, हातोडी-खिळे घेऊन. स्वयंपाकघराला दार नाही, हॉल सगळा दिसतो.

साहेबानं हाक मारली. "ए रंगारी, इकडं ये."

हे गेले.

"बघा मंडळी, ती वरची रेघ बघा. टेप नाही, काही नाही. अट्टल दारुड्याचा हात आहे हा!"

सगळे हसले. हेही हसले. हसावं लागतं. म्हणाले, "सोडलीय साहेब आता."

"सोडलीय? अरे वा! मग तर बक्षीस पाहिजे." साहेबानं आपलाच पेला पुढं केला. "घे."

"नको साहेब. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर मलाही सांगतात. उभा आहे ना मी तुझ्यासमोर? आज माझी साठी आहे. माझ्या आनंदाला नाही म्हणतोस? एकानं काय होतंय?"

कुणीतरी म्हणालं, "घे रे, जन्मात मिळायची नाही असली." साहेबाच्या मुलानं मोबाइल वर धरला, चित्र काढायला. मग टाळ्या सुरू झाल्या. घे. घे. घे. शिकलेली माणसं होती सगळी. ज्यांच्या घरात औषधाच्या गोळ्यांना सोमवार-मंगळवारचे कप्पे असतात, ती माणसं.

यांनी माझ्याकडं बघितलं. हॉलमधून, सगळ्यांच्या खांद्यांवरून, सरळ माझ्याकडं. मी हो म्हणते का नको म्हणते, तेवढंच बघत होते. मी झारा हातात धरून उभी. तोंड उघडलं होतं मी. देवाशपथ उघडलं होतं. तेवढ्यात बाजूनं वहिनी म्हणाल्या, "अगं, त्यांचा मूड नको घालवूस आजच्या दिवशी. भजी बघ, करपतील."

मी भजी बघितली.

वर मान केली तेव्हा पेला रिकामा होता, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

एका पेल्यानं माणूस मरत नाही, हे मलाही कळतं. मला शिकवू नका. पण चौदा महिने खांदा लावून धरलेलं दार एका पेल्यानं उघडलं. साहेबाला नाही म्हणता आलं नाही म्हणून यांनी घेतली. आम्हाला लहानपणापासून सगळं शिकवलं, ओझं उचलायला, शिडीवर चढायला, वाकायला. मोठ्या माणसाला नाही म्हणायला कुणी शिकवलं नाही. दुसऱ्याच दिवशी यांच्या खिशात दारूचं पाकीट सापडलं. आठवडाभरात तीन-तीन. एचएसआर लेआउटमधल्या एका घराचं काम धरलं होतं, तिथं रेघ वाकडी आली. मालकानं शिडीवरून उतरवलं आणि हाकलून दिलं. घरी येऊन मला मारलं. पहिल्यांदा. मग पोट परत फुगायला लागलं.

त्याच महिन्यांत साहेबाची तपासणी झाली, मोठ्या खाजगी दवाखान्यात. लिव्हरवर जरा चरबी आहे म्हणाले. घरात सुतक आल्यासारखं तोंड केलं सगळ्यांनी. मग मी रोज त्याच्यासाठी दुधीचा रस काढायला लागले, तेल मोजून घालायला लागले, सॅलड चिरायला लागले. त्याची शनिवारची बैठक तेवढी चालू. साहेब प्यायला की शौक, माझा नवरा प्यायला की ह्यांच्यात असंच असतं. माझ्या हातानं एका लिव्हरला दुधीचा रस जात होता, आणि दुसरं घरी कुजत होतं.

हे गेले ते सकाळी, आठ वाजता. मी डबा भरत होते. खोकले, आणि तोंडातून रक्त आलं. गुळणी नाही, धार. काळं, गुठळ्यांचं. भिंतीवर उडालं, जिथं त्यांनी मला सरळ रेघ ओढून दाखवली होती त्या भिंतीवर. मी ओंजळ धरली त्यांच्या तोंडापुढं. काय करणार होते मी ओंजळीनं? रिक्षावाले अण्णा सीटला रक्त लागंल म्हणून आधी तयार होईनात. माझी चादर अंथरली तेव्हा निघाले. दवाखान्याच्या दारात डोळे फिरले. साहेबाचं ओकलेलं मी फिनाइलनं पुसायची. यांचं रक्त पुसायला घरात फिनाइल नव्हतं. राखेनं पुसलं.

तेरावा झाल्यावर मी कामावर गेले. पोटाला सुतक नसतं. रविवार होता.

बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं. माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं. म्हणाल्या, "वाईट झालं गं. पण पीतच होता ना शेवटी." मग नाक पुढं केलं. आणि म्हणाल्या, "फुंक."

आणि मी फुंक मारली.

ऐका नीट. नवरा जाऊन पंधरा दिवस झाले नव्हते, आणि मी तोंड उघडून फुंक मारली. अंगात भिनलं होतं ते. जनावराला मालकानं चक् केलं की ते मान खाली घालतं, तसं. मला आजही माझीच किळस येते त्या फुंकेची.

आत गेले. हॉलमध्ये साहेब लुंगीवर बसला होता, डोळे तांबारलेले, समोर पेपर. ओट्यावर पेल्यांची रांग. आणि पेल्यांच्या शेजारी, गाळणीखाली, भरलेली सरबताची बाटली. वहिनींनी बूच लावलं. मग माझ्या पिशवीकडं हात नेला. "आता तुझ्याकडं कुणी नाही म्हणा प्यायला. जाताना वॉचमनला दे."

तिथं माझ्यात काहीतरी तुटलं. आवाज झाला नाही. मी त्यांच्या हातातून बाटली घेतली. काचेच्या कपाटातून साहेबाचा पेला काढला, नक्षीचा, तो मी कधी हातातून पडू दिला नव्हता. त्यात काठोकाठ ओतली. हॉलमध्ये गेले आणि पेला त्याच्या पेपरावर ठेवला.

"घ्या साहेब."

तो बघायला लागला. "हे काय?"

"तुमच्याच घरातली आहे. परदेशी. घ्या. एकानं काय होतंय?"

वहिनी धावत आल्या. "वेड लागलं का तुला? अगं, सगळ्यांचं उष्टं आहे ते!"

"होय," मी म्हटलं.

वहिनींना आपलं वाक्य कळायला जरा वेळ लागला. कळलं तसा चेहरा पांढरा झाला. साहेबानं पेला बोटानं लांब सारला. शी करून. विष म्हणून नाही सारला हो. उष्टं म्हणून सारला.

मी म्हटलं, "वहिनी, आणखी एक. घरात वास येतोय. माझा नाही. त्यांना फुंकायला सांगा."

साहेब ओरडला, "चालती हो!"

"चाललेच आहे. माझ्या नवऱ्यानं नको म्हटलं होतं तुम्हाला. सोडलीय म्हणूनही सांगितलं होतं. ते सगळ्यांनी ऐकलं होतं." मग मी वर बघितलं. मोतिया भिंतीवर ती रेघ होती, सरळ, जराही न हललेली. "ती रेघ प्यायलेल्या हाताची नाही. रोज बघत जा."

पिशवी उचलली. बाहेर आले. चपला मात्र लिफ्टमध्ये शिरल्यावर घातल्या.

बरं वाटलं का, असं लोक विचारतात. नाही वाटलं. हे काही परत आले नाहीत. आणि मी त्या दुपारी भजी बघत राहिले ते काही बदललं नाही. साहेब पितोय अजून. त्याला कुणी खुनी म्हणत नाही, सोसायटीच्या सत्यनारायणाला तोच बसला यंदा. माझा वाटा मी विसरणार नाही. तीन वर्षं बाटली मी वाहिली. ते धुऊन निघत नाही, आणि मला काढायचंही नाही.

आता दर रविवारी दहा वाजता मी त्या सोसायटीच्या मागच्या फाटकापाशी उभी असते, जिथून कामाच्या बायका बाहेर पडतात. त्यांच्या पिशव्यांत कुठं पाण्याची बाटली असते, कुठं डबा, आणि कुठं तसलं गाळलेलं. मला आता लांबून ओळखू येतं. मी पुढं होते. सांगते, माझा नवरा ह्यानंच गेला, ओत इथं. काही ओततात. काही शिव्या देतात. यल्लव्वा म्हणून एक आहे, ती म्हणाली, "तुझा मेला म्हणून माझ्या घरात नाक खुपसू नको." सरी, बरं बाई, म्हटलं. पुढच्या रविवारी परत तिच्याच पुढं उभी राहिले. वॉचमननं हाकललं तर रस्त्यापलीकडं उभी राहते. रस्ता कुणाच्या बापाचा नाही.

कामं मिळतात, सुटतात. नव्या घराच्या दारात बाई मला विचारायला लागते, पोळ्या कशा करतेस, सुट्ट्या किती घेतेस. मी म्हणते, थांबा. आधी मी विचारते. तुमच्या घरात पितात का? उरलेली कुणाला देता? बायकांची तोंडं बघण्यासारखी होतात. बहुतेक दारं तिथंच बंद होतात.

होऊ देत. पाच वर्षं त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला. आता दारात उभी राहून त्यांच्या घराचा वास मी घेणार, आणि आवडला नाही तर चपला काढणार नाही.